जुन्या पिकअपच्या हेडलाइटला पूर्ण करंट कसा द्यायचा

मागच्या पावसाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास एक पोरगा पिकअप घेऊन माझ्या दुकानात आला. रात्री नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि माळशेज घाटातून कल्याण गाठायचं, असा त्याचा बेत. हातात पिशवी, पिशवीत एलईडीचा जोड. "तात्या, हे बसवून द्या. घाटात धुकं असलं की पुढचं काहीच दिसत नाही."

मी म्हटलं, "बसवू नंतर. आधी मीटर लावू दे."

इंजिन चालू ठेवलं, रेस थोडी वाढवली, डिपर म्हणजे खाली पडणारा जवळचा उजेड लावला. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर १३.९ व्होल्ट. मग हेडलाइटच्या मागचा रबर काढला, बल्बचा होल्डर जागेवरच ठेवून मागून वायरीलगत मीटरची सुई आत सरकवली. तिथे ११.४. म्हणजे बॅटरीपासून बल्बापर्यंत येता येता अडीच व्होल्ट वाटेत गेले होते. हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. त्याचे बल्ब चांगले होते, त्यांना पूर्ण करंटच मिळत नव्हता.

आळेफाट्याला मी गेली अनेक वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. त्याआधी नऊ वर्षं स्वतः पिकअप चालवली, वाशी मार्केटला माल टाकला. म्हणून कळकळीनं सांगतो, जुन्या पिकअपचा उजेड वाढवायचा असेल तर बल्बला हात नंतर लावा. आधी वायरिंग.

करंटचा रस्ता बघा. बॅटरीतून निघाला की इग्निशन, तिथून लाइटचा स्विच, तिथून स्टिअरिंगखालचा अप्पर-डिपर स्विच, मग बोनेटखालून लांबलचक वायर, मग बल्ब, आणि परत बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. दोन बल्बांचे मिळून १० ते ११ अँपिअर या सगळ्यातून जातात. गाडी नवी असताना चालून जातं. दहा-पंधरा वर्षांनी स्विचचे पॉइंट काळे पडतात, जोड हिरवे होतात, अर्थच्या बोल्टाखाली गंज बसतो. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज जातं.

कुठे किती जातं ते शोधायचं. डिपर चालू ठेवून मीटरची लाल सुई बॅटरीच्या प्लसवर आणि काळी बल्बच्या डिपरच्या पिनवर धरा. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेतला तोटा. मग काळी सुई बॅटरीच्या मायनसवर आणि लाल बल्बच्या अर्थच्या पिनवर धरा. तो अर्थचा तोटा. त्या पोराच्या गाडीत प्लसला १.९ आणि अर्थला ०.६ आलं. अर्थला ०.२ च्या वर काही दिसलं तर तिथे काम आहे असं समजा.

यावर उपाय रिलेचा. रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच, तो बल्बला बॅटरीतून थेट करंट देतो. पण रिलेकडे वळण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. पहिली चार्जिंग. लाइट लावून, थोड्या रेसवर बॅटरीवर १३.५ च्या खाली दिसत असेल तर बेल्ट ढिला आहे की अल्टरनेटरचं काम निघालंय ते बघा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया. दुसरी टर्मिनल. पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. आणि बॅटरीपासून बॉडीला, इंजिनपासून चेसिसला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या खोलून खालचा रंग आणि गंज खरवडून काढा. ते करायला अर्धा तास लागतो, पण किती तरी गाड्या माझ्याकडून तेवढ्यावरच सुधारून गेल्यात.

रिफ्लेक्टरही बघून घ्या. आतला आरसा राखाडी पडला असेल, सोलला असेल, तर कुठलाही बल्ब टाका, उजेड रस्त्यावर पडणारच नाही. तेव्हा लाइटच बदलायचा.

आता रिलेचं काम. सामान असं: १२ व्होल्टचे चार पिनचे दोन रिले, दोन फ्यूज होल्डर झाकणासकट, २० अँपिअरचे फ्यूज, अडीच एमएमची ऑटो वायर, रिले चालू करणाऱ्या बाजूसाठी एक एमएमची, एच-४ चे (डिपर-अप्पर एकाच बल्बात असतो तो प्रकार) सिरॅमिकचे दोन होल्डर, वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या थिंबल, हीट श्रिंकची नळी आणि वायरीवर चढवायची चुण्यांची पाइप. घरगुती वायर वापरू नका. इंजिनच्या उष्णतेने आणि डिझेल लागून तिचं आवरण लवकर कडक होऊन तडकतं.

दहाचा पाना घ्या आणि बॅटरीचं मायनस आधी काढा. रिलेच्या बुडाला आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीचा प्लस येतो, फ्यूजमधून. ८७ मधून वायर बल्बांच्या नव्या होल्डरकडे जाते. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. एक रिले डिपरचा, एक अप्परचा. दोघांना वेगवेगळा फ्यूज द्या, म्हणजे घाटात एक उडाला तरी दुसरा हाताशी राहतो. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत पाहिजे. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. तो कुठे पत्र्याला घासला तर त्याला अडवणारं काही नाही.

जुना होल्डर फेकायचा नाही. एका बाजूच्या जुन्या होल्डरमधून येणारी डिपरची वायर एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला, दोन्ही ८५ अर्थला. आता जुन्या स्विचमधून फक्त कॉइलपुरता करंट जातो, पाव अँपिअरसुद्धा नाही. स्विचचं आयुष्य वाढतं ते वेगळंच. दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप गुंडाळून बांधून ठेवा.

इथे एक खबरदारी. काही गाड्यांत स्विच मायनसच्या बाजूला असतो. टेस्ट लॅम्पची क्लिप अर्थला लावून जुन्या होल्डरच्या पिना तपासा. अप्पर-डिपर कसाही फिरवला तरी एकाच पिनवर कायम प्लस दिसत असेल तर गाडी त्या प्रकारची आहे. मग ८६ ला तो कायमचा प्लस द्यायचा आणि डिपर-अप्परच्या वायरी ज्याच्या त्याच्या ८५ ला. अंदाजाने जोडू नका, होल्डरच्या पिनाही टेस्ट लॅम्प लावूनच ओळखा.

बल्बचा अर्थही पत्र्यावर सोडू नका. दोन्ही होल्डरपासून अडीच एमएमची वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा. रिले बॅटरीजवळ बसवा, पिना खाली करून, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं ग्रोमेट हवंच.

बल्ब तोच ठेवा, ६०/५५ वॅटचा. हे मी जिवावर बेतल्यावर शिकलो. गाडी चालवायचो तेव्हा उजेड कमी वाटतो म्हणून १००/९० चे बल्ब टाकले होते, वायरिंग जुनीच. दोन महिने छान गेले. मग ऑगस्टमधल्या एका रात्री माळशेजच्या उतारावर, पाऊस चालू, समोरून ट्रक येत असताना दोन्ही लाइट गेले. मी ब्रेक दाबून जागेवर थांबलो. बाजूने ट्रकचा आरसा सणकन गेला तो आवाज आजही कानात आहे. बोनेट उघडलं तर होल्डरचं प्लास्टिक वितळून बल्बच्या पिनांना चिकटलेलं, आणि फ्यूजच्या जागी आधीच्या कुणीतरी तांब्याची तार पिळून घातलेली. जळलेल्या वायरीचा वास सकाळपर्यंत केबिनमधून गेला नाही. म्हणून सांगतो, फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. दोन जादा फ्यूज डॅशबोर्डात ठेवा.

एलईडीचं त्या पोराला मी असं समजावलं. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप तिथे तशीच बसत नाही, उजेड विखुरतो. तुला पुढे पांढरं पांढरं दिसतं, समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि धुक्यात तोच उजेड उलटून तुझ्या तोंडावर येतो. एलईडी हवीच असेल तर एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण लाइट घ्यावा, आणि तोही डाव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यांसाठीचा. भिंतीवर पाडल्यावर डिपरची रेषा डावीकडे वर चढली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर तो लाइट परत करा.

सेटिंग मात्र बहुतेक जण रिकाम्या गाडीवर करतात आणि तिथेच चुकतात. पिकअपमध्ये टन-सव्वा टन माल भरला की मागचे पाटे बसतात, तोंड वर उठतं आणि डिपरचा उजेड थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. म्हणून नेहमीचा माल भरून, टायरची हवा बघून, सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, भिंतीवर त्याच उंचीला खडूने रेघ मारा, तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. एक लाइट गोणपाटाने झाका आणि दुसऱ्याची वरची कडा खालच्या रेघेवर आणा. मग दुसरा. रिकाम्या गाडीला उजेड थोडा जवळ पडेल, तेवढं चालतं.

मागचंही बघा, कारण तुम्हाला दिसणं जितकं महत्त्वाचं तितकंच मागच्याला तुम्ही दिसणं. ब्रेक दाबल्यावर एखाद्या बाजूचा इंडिकेटर मंद पेटत असेल, किंवा टेललाइट मंद होत असेल, तर बल्ब बदलू नका. तो अर्थ गेल्याचा पुरावा आहे. करंटला खाली जायला वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून परततो. हौद्याखाली चिखल उडतो तिथला अर्थचा बोल्ट खोला, घासा, नवी थिंबल लावा, वरून ग्रीस. मागे लाल, बाजूला पिवळी परावर्तक पट्टी धूळ पुसून जागेवर आहे ना तेही बघा.

त्या पोराचं काम संध्याकाळी सातला संपलं. इंजिन चालू करून मीटर लावला तर बॅटरीवर १३.९, होल्डरवर १३.५. बल्ब तेच जुने. समोरच्या भिंतीवर डिपरची रेषा चाकूने कापल्यासारखी पडली होती. तो गप्प उभा राहून बघत होता. मग पिशवीतली एलईडी सीटखाली सरकवली.

पहिली फेरी झाली की एवढं करा. लाइट अर्धा तास चालू ठेवून गाडी घरी आणा, लाइट बंद करा, बोनेट उघडा आणि प्रत्येक थिंबल, प्रत्येक फ्यूज होल्डर बाहेरून बोटाने चाचपडा. कोमट चालेल. एखादा जोड शेजारच्यापेक्षा गरम लागला तर तो नीट दाबला गेलेला नाही. तो कापा आणि नवा लावा.