केमोचे एकवीस दिवस: ताट, चालणं आणि गुळवेलीचा काढा

केमो सुरू झाली की नातेवाईक घरी येताना काहीतरी घेऊन येतात. गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस, हळदीच्या कॅप्सूल. हेतू चांगलाच असतो. अडचण अशी, की केमोच्या आधी डॉक्टर रक्तात एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघतात आणि गुळवेल, अश्वगंधा यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आकडा वाढला तर पुढची केमो लांबते आणि दोष औषधाचा की काढ्याचा, हे कुणालाच कळत नाही. भाजीतली हळद बिनधास्त खा. कॅप्सूल, भस्मं आणि जास्त मात्रेची ॲन्टिऑक्सिडंट व्हिटॅमिनं मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात जाऊ नयेत. कॅपेसिटाबिन (केमोची गोळी) चालू असेल तर फॉलिक ॲसिडची गोळीसुद्धा विचारूनच, कारण तिने औषधाचे दुष्परिणाम वाढतात.

एक वही करा. केमोचं सलाईन लागलं तो दिवस पहिला, मग एकवीसपर्यंत मोजा (तुमचं चक्र, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, आठवड्याचं किंवा दोन आठवड्यांचं असेल तर खालचे दिवस डॉक्टरांकडून बदलून घ्या). रोज ताप, शौचाला किती वेळा, काय खाल्लं, किती चाललात ते लिहा. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, त्याच काट्यावर.

सर्वांत जास्त चुका ताटात होतात. उपचारात किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. घरचे म्हणतात, "वरण देतो ना रोज." पण वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम २० ग्रॅम, प्रथिनं चार-पाच ग्रॅम. हिशेब असा जमतो: दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध किंवा ताजं दही १६, घट्ट वरणाची ६० ग्रॅम डाळ १४, पनीर १०० ग्रॅम १८, ज्वारीच्या तीन भाकरी १५. एकूण ७५. अंडी चालत नसतील तर सोयाबीनच्या ३० ग्रॅम वड्यांतून १५ ग्रॅम मिळतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा हिशेब आधी डॉक्टरांना दाखवा. पेज आणि मोसंबीच्या रसावर माणूस ठेवला की वजन उतरतं. तोंड-घशाच्या रेडिएशनमध्ये मग चेहरा स्थिर धरणारा जाळीचा मास्क सैल होतो आणि किरण कुठे द्यायचे याचं प्लॅनिंग पुन्हा करावं लागू शकतं.

पहिल्या तीन-चार दिवसांत मळमळ असते. दर दोन तासांनी थोडं, कोमट किंवा गार झालेलं अन्न द्या. फोडणीच्या वासाने उलटी येते. केमोत ऑक्झालिप्लॅटिन हे औषध असेल तर मात्र गार काहीच नको. सुमारे पाच दिवस माठाचं पाणी, बर्फ, फ्रिजमधली बाटली नुसती धरणंही टाळा. घशात आवळल्यासारखं होतं, बोटांना झिणझिण्या येतात. नागपूरच्या मे महिन्यात हे जड जातं, पण साधं पाणी भरपूर प्यायलंच पाहिजे.

साधारण सातवा ते चौदावा दिवस संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी. टपरीवरचे तर्री पोहे, कापून ठेवलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं बंद. धुऊन सोललेलं संत्रं चालतं, तोंड आलं असेल तर झोंबेल. सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत जाऊ नका. कूलरचं पाणी बदला, कुजकट वासाचं खस टाकून द्या. ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) झाला तर त्याच तासाला दवाखाना गाठा, रात्र असली तरी. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, संसर्ग आत वाढतच राहतो.

तोंड आल्यास: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, गिळू नका, रोज नवीन करा. पापडखार किंवा बेकिंग पावडर चालत नाही. झणझणीत सावजी रस्सा तोंड बरं होईपर्यंत विसरा.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तंबाखू काढून नुसती सुपारी चघळणं म्हणजे सोडणं नव्हे. सुपारीनेच तोंड उघडेनासं होतं आणि तीही कॅन्सरला कारण ठरते. रेडिएशनमध्ये तंबाखू सुरू राहिली तर उपचाराचा परिणाम घटतो, व्रण चिघळतात. स्वतःला जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोला.

चालणं चौथ्या-पाचव्या दिवसापासून, दहा-दहा मिनिटं दोनदा, हळूहळू सलग तीस. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढाच वेग. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातल्याच व्हरांड्यात. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, असे दोन फेरे. कॅपेसिटाबिनवाल्यांनी घट्ट चप्पल आणि तापलेली फरशी टाळावी, तळपाय सोलवटतात. हाडात आजार पोचला असेल किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर व्यायाम विचारूनच; ताप आणि चक्कर असेल त्या दिवशी अजिबात नाही.

पुढच्या केमोला जाताना फाईलसोबत वही न्या, आणि काढ्याचं पाकीटही.