एआयवरच्या नाटकाला प्रेक्षक नेमकं काय म्हणतायत ते ओळखायचं कसं

एआयवर नवीन नाटक केलं की एक गंमत होते, प्रयोग संपल्यावर लोक भरभरून बोलतात आणि त्यातलं बरंचसं नाटकाबद्दल नसतंच. नोकऱ्या जाणार का, पोरं गृहपाठ स्वतः करतात का, डीपफेकचं काय करायचं, परवा चॅटजीपीटीने मला कसं ठोकून खोटं उत्तर दिलं... आणि टीम खूश, की बघा केवढी चर्चा झाली! झाली ना, पण विषयाची झाली. आणि हा विषय असा आहे की नाटक पडलं तरी लोक त्यावर तासभर बोलतील, त्यामुळे पहिल्या काही प्रयोगांचा फीडबॅक घेताना मुख्य काम एकच, एआयबद्दलची प्रतिक्रिया आणि नाटकाबद्दलची प्रतिक्रिया वेगळी काढायची.

हे दुखणं जुनंच आहे. चेक लेखक कारेल चापेकचं रोबोंवरचं नाटक 'आर. यू. आर.' १९२१ मध्ये प्रागला आलं, मग लंडनला झालं, आणि १९२३ मध्ये तिथे त्यावर जाहीर चर्चा झाली त्यात शॉ आणि चेस्टरटनसारखी लेखक मंडळी बोलली. त्यावर चापेकने जे लिहून कळवलं त्याचा सूर असा की बाबांनो, लेखक म्हणून मला रोबोंपेक्षा माणसांत जास्त रस होता. म्हणजे प्रेक्षक कोण बसलेत यावर काही नाही, विषयच तसा आहे.

तर तयारी प्रयोगाच्या आधीच करायची. संहिता घेऊन बसा आणि चार-पाच जागा निवडा जिथे तुम्हाला खरंच शंका आहे, म्हणजे मशीनची पहिली एंट्री, मध्यंतराच्या आधीचा प्रवेश, शेवटाचा ब्लॅकआऊट असं. सगळंच बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. आणि प्रेक्षक कोण आहेत तेही लिहून ठेवा. पासवर आलेले नातेवाईक आणि तिकीट काढून आलेले अनोळखी लोक यांचे हशे एकाच वहीत मिसळले की वही बाद, कारण नातेवाईक नटाला बघून हसतात. सॉफ्टवेअरवाल्यांचा ग्रुप आला असेल तर तेही लिहा, ते भलत्याच जागी हसतात आणि बाकीचं थिएटर त्यांच्याकडे बघत बसतं.

प्रयोग चालू असताना मागे उभं राहू नका, तिथून नुसती डोकी दिसतात. कडेच्या खुर्चीत बसा, जिथून मान थोडी वळवली की चेहरे दिसतील, आणि संहितेच्या समासात पेन्सिलने खुणा करत जा. स्टेजकडे बघायचं नाही, ते तुम्हाला पाठ आहे. हशाला एक खूण, शांततेला एक, खोकला-चुळबुळ एकत्र, आणि मोबाईलचा उजेड दिसला की गोल. खोकल्याला हसू नका, लोक खोकतात ते बऱ्याचदा घशासाठी नाही, लक्ष सुटलं म्हणून.

हशातही प्रकार असतात. मशीन अगदी नम्रपणे 'माफ करा, यात मी मदत करू शकत नाही' म्हणतं तेव्हा थिएटर फुटतं, तो ओळखीचा हशा, तो कुठल्याही एआय नाटकात मिळणारच, त्याचं श्रेय लेखकाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा हशा उशिरा येतो, तुटक, एका बाजूने सुरू होतो आणि लोक शेजाऱ्याकडे बघतात की हसायचं का यावर. तो अस्वस्थपणाचा. तो आला तर नटाला सांगा की पुढचं वाक्य घाईने टाकू नकोस, तिथे नाटक चालू आहे.

आता एक जागा जवळून बघू. समजा मुलगी मशीनला विचारते, 'तुला माझा राग आला का?' आणि मशीन म्हणतं, 'नाही.' हे 'नाही' ताबडतोब आलं तर लोक हसतात. दोन सेकंद थांबून आलं तर पिनड्रॉप सायलेन्स. शब्द तोच! माणसं आपसात बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी साधारण ०.२ सेकंद लागतात, त्यामुळे दोन सेकंदांचा पॉज म्हणजे कानाला भलामोठा खड्डा, आणि त्या खड्ड्यात प्रेक्षक स्वतःच विचार, संकोच, खोटेपणा सगळं भरतो. मग बाहेर येऊन तो म्हणतो की मशीनला भावना असतात हे तुम्ही छान दाखवलंत, आणि तुम्ही लेखनाची पाठ थोपटता, तर करामत पॉजची असते. म्हणून नोंद करताना वाक्यासोबत पॉज, लाईट, आवाज कसा होता तेही लिहा. मशीनचा आवाज रेकॉर्डेड असेल तर आणखी एक बघा, हशा ओसरायच्या आत पुढची क्लिप सुटते का? तसं झालं तर पुढचं वाक्य कोणी ऐकलेलंच नसतं आणि मग 'मधेच काही कळलं नाही' असा फीडबॅक येतो, ज्याचा दोष बिचाऱ्या दिग्दर्शकावर जातो. विंगेतून लाईव्ह बोलणारा नट थांबू शकतो, क्लिपला ते कळत नाही, साऊंडवाल्यालाच थांबावं लागतं.

आणि 'मशीन किती जिवंत वाटलं!' याने हुरळून जाऊ नका. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना त्रिकोण आणि वर्तुळ सरकताना दाखवलं तर लोकांनी त्यात भांडण, भीती, दादागिरी सगळं पाहिलं. म्हणजे स्टेजवर नुसता दिवा लुकलुकवलात तरी कोणीतरी हळवं होणार आहे. विचारायचं ते असं, की नाटकातली माणसं जिवंत वाटली का.

प्रयोगानंतर 'कसं वाटलं?' विचारलंत की 'मस्त' येणार, तोंडावर वाईट कोण बोलतं. त्यापेक्षा 'तिने शेवटी मशीन का बंद केलं?' विचारा. पाच जणांनी पाच कारणं दिली तर चालेल, पण पाचांपैकी तिघे 'बंद केलं का? लाईट गेले ना?' म्हणाले तर ते लिहून घ्या, याहून भारी फीडबॅक मिळणार नाही. दुसरा प्रश्न, 'घड्याळ कधी बघितलंत?' याला लोक हसतात आणि खरं सांगतात. फॉर्म दिलात तर दोन-तीन प्रश्नांचाच द्या, स्टार मागू नका. दुसऱ्या दिवशी एकच मेसेज टाका की काय आठवतंय. एखादा प्रवेश आठवला तर उत्तम, नुसता 'विषय आजचा आहे' आला तर समजून जा.

मग सगळं दोन रकान्यांत टाकायचं. 'मला भीती वाटते पुढे काय होईल' हे एआयच्या रकान्यात. 'बाप तिला आधीच का सांगत नाही' हे नाटकाच्या. पहिला भरगच्च आणि दुसरा रिकामा असेल तर पात्रं पातळ आहेत, तिथे तंत्रज्ञानाचे आणखी संवाद घालून काही होत नाही, उलट काढून बघा. तज्ज्ञांचं 'असं मॉडेल चालतच नाही' हेही येतं, त्यातलं जे सामान्य प्रेक्षकालाही खटकलं तेवढंच दुरुस्त करायचं, बाकी धन्यवाद म्हणायचं.

संहिताच एआयने लिहिलेली असेल तर वेगळाच घोळ. २०२१ मध्ये प्रागच्याच मंडळींनी जीपीटी-२ या मजकूर लिहिणाऱ्या एआयकडून लिहून घेतलेलं नाटक ऑनलाईन दाखवलं होतं. असं आधी सांगितलं की प्रेक्षक नाटक सोडून यातलं मशीनचं कुठलं ते शोधत बसतो. एका प्रयोगाला आधी सांगा, एकाला नंतर, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा.

हां, आणि हा सगळा फीडबॅक एआयला देऊन सारांश काढायचा मोह होईल. नको. ते 'संमिश्र प्रतिसाद' लिहून देईल आणि लाईट गेले म्हणणारे तिघे त्यात गायब होतील. प्रेक्षकांचे चेहरे शूट करायचे असतील तर आधी दाराशी पाटी लावून सांगा.

बदल करताना एका प्रयोगावर जाऊ नका, वेगवेगळ्या प्रेक्षकांत तीच जागा पुन्हा पुन्हा अडली तरच हात लावा, आणि आधी पॉज आणि लाईट बदला, मग वाक्य, प्रवेश उडवायचा तो सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल, नाहीतर पुढच्या प्रयोगाला हशा आला तर तो कशामुळे आला हे कोणालाच सांगता येत नाही आणि नट मात्र शपथेवर सांगतो की माझ्यामुळे.