अँटिबायोटिक देताच ॲनाफिलॅक्सिस (अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी): पहिली पाच मिनिटं

शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन सुरू होताच आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा बीपी पडलं, तर औषध तिथेच थांबवा. शिरेतली सुई काढू नका, फक्त औषध भरलेली नळी बदला. अंगावर पित्त उठण्याची वाट बघू नका. कधी कधी ते उठतच नाही.

ॲड्रेनॅलिन (१ मिलीत १ मिग्रॅ) मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्या: प्रौढांना ०.५ मिली, मुलांना किलोमागे ०.०१ मिली, जास्तीत जास्त ०.५. फरक नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. हाच डोस घाईत शिरेतून गेला, तर हृदयाची लय बिघडते.

रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच. एकदम उभं केल्यास हृदय बंद पडू शकतं. ऑक्सिजन लावा, सलाइन वेगाने सोडा. अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड नंतर. त्यांनी श्वासनलिका वाचत नाही.