शोधण्याआधी दोन मिनिटे

प्रश्न मनात येताच हात मोबाइलकडे जातो आणि उत्तर समोर आले की ते आपल्याला आधीपासून ठाऊकच होते, असे वाटू लागते. शोधण्याची सवय सोडायची गरज नाही. शोधण्याआधी दोन मिनिटे राखून ठेवली की पुरे. त्यासाठी कागद आणि पेन घ्यावे. मोबाइलमध्येच टिपण करू नये, कारण तो हातात आला की माझा तरी निश्चय टिकत नाही.

प्रथम प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा. ‘चेन’ असा एकच शब्द न लिहिता ‘बॅगेची चेन ओढली की तिचे दात एकमेकांत कसे अडकतात?’ असे लिहावे आणि त्याखाली, चुकण्याची भीती न बाळगता, आपल्याला सुचेल ते उत्तर शक्यतो आकृतीसह मांडावे. येल विद्यापीठातील रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अशाच रोजच्या वस्तूंबद्दल आपली समज किती आहे ते विचारले आणि मग त्यांचे काम टप्प्याटप्प्याने समजावून सांगायला लावले, तेव्हा त्यांनी स्वतःला दिलेले गुण खाली आले. मी चेनचे उत्तर लिहायला बसलो, तेव्हा दुसऱ्याच ओळीला अडलो.

आता खुशाल शोधावे. चेनच्या प्रत्येक दाताला एका बाजूस उंचवटा आणि दुसऱ्या बाजूस खोलगा असतो. चेन लावताना आपण जो तुकडा ओढतो, त्या सरकपट्टीच्या आतल्या दोन वाटा पुढे एक होतात, तिथे दोन्हीकडचे दात ठरावीक कोनात आळीपाळीने जवळ येतात आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलग्यात बसतो. उलट ओढले की दोन वाटांमधली पाचर त्यांना विलग करते. एवढे वाचल्यावर स्क्रीन बंद करून तेच स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावे. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण गाळू नये, कारण २०१५ च्या एका अभ्यासात इंटरनेटवर उत्तरे शोधलेल्या लोकांना असंबंधित प्रश्नांचीही उत्तरे आपण देऊ शकू, असा जास्त विश्वास वाटू लागला होता.

मतांच्या बाबतीत क्रम आणखी कडक ठेवावा: इतरांच्या प्रतिक्रिया वाचण्याआधी आपले मत आणि त्याचे एक कारण लिहावे. कारण सुचत नसेल, तर ‘मत नाही’ असे लिहून पुढे जावे. फोन नंबर, गाडीची वेळ किंवा तातडीचा औषधोपचार यांसाठी अर्थातच हा खटाटोप करू नये.

चुकलेले कागद जपून ठेवावेत. माझ्या वहीतल्या चेनच्या पहिल्या आकृतीत प्रत्येक दाताला मी गळासारखा आकडा काढला आहे, आणि तशी चेन एकदा लागली असती तर पुन्हा उघडलीच नसती.