ट्रिनोत क्वेरी ‘प्लॅनिंग’वर अडते तेव्हा: मेटाडेटाचा खर्च कसा शोधायचा, कसा उतरवायचा

ट्रिनो हे मोठ्या डेटावर एसक्यूएल क्वेरी चालवणारं इंजिन: कोऑर्डिनेटर हा मुख्य सर्व्हर क्वेरीची आखणी (प्लॅनिंग) करतो, वर्कर सर्व्हर ती राबवतात. कधी वर्कर रिकामे, सीपीयू शून्याजवळ आणि क्वेरी मिनिटभर प्लॅनिंगमध्येच. अशा वेळी वर्कर वाढवले तर फक्त बिल वाढतं. टेबलांची व्याख्या, पार्टिशनची (टेबलाच्या तुकड्यांची) नावं, फायलींची यादी हा सगळा मेटाडेटा कोऑर्डिनेटर गोळा करतो आणि तो त्याच्याच हीपमध्ये (मेमरीत) साठतो.

आधी मोजा. ‘सिस्टिम.रनटाइम.क्वेरीज’मध्ये ‘ॲनालिसिस_टाइम_एमएस’ आणि ‘प्लॅनिंग_टाइम_एमएस’ हे दोन स्तंभ बघा, तेही लगेच; जुन्या क्वेरी तिथे फार वेळ टिकत नाहीत. मग त्याच क्वेरीला ‘एक्सप्लेन’ (फक्त आखणी दाखवणारी आज्ञा) लावून चालवा. त्यात टेबलाचा डेटा वाचलाच जात नाही, म्हणून तेही रेंगाळलं तर बहुधा दुखणं मेटास्टोअरकडे (टेबलं-पार्टिशनची नोंद ठेवणाऱ्या सेवेकडे) आहे. ‘एक्सप्लेन’ झटकन येतं पण स्प्लिट (वर्करना वाटले जाणारे डेटाचे तुकडे) हळूहळू टपकतात, तर फायलींची यादी काढण्यात वेळ जातोय.

आता हिशेब. हाइव्ह टेबल (प्रत्येक पार्टिशनच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये) तासावार पार्टिशन केलंय, डेटा ३ वर्षांचा: ३ × ३६५ × २४ = २६,२८० पार्टिशन. मेटास्टोअरकडून पार्टिशनचा तपशील १००-१०० च्या गठ्ठ्यांनी मागवला, तरी २६३ हेलपाटे. एस३ (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) वर प्रत्येक पार्टिशनला किमान एक ‘लिस्ट’ विनंती लागते, आणि एका विनंतीत जास्तीत जास्त १,००० नावं येतात. हजार विनंत्यांना ०.००५ डॉलर धरले तर एका पूर्ण स्कॅनला सुमारे १३ सेंट. किरकोळ वाटतं, पण दर ५ मिनिटांनी ताजा होणारा डॅशबोर्ड दिवसाला २८८ वेळा हेच करतो: जवळपास ३८ डॉलर, नुसत्या याद्यांचे! दिवसावार पार्टिशन केलं असतं तर १,०९५ वर भागलं असतं.

पार्टिशन बदलणं लगेच जमणार नसेल तर फिल्टर तपासा. ‘सबस्ट्रिंग(तारीख, १, ७)’ अशी अट घातली की सगळी नावं कोऑर्डिनेटरवर येतात, मग गाळली जातात. ‘तारीख >= … अँड तारीख < …’ असं सरळ लिहिलं तर मेटास्टोअरच गाळून देतं. ‘हाइव्ह.क्वेरी-पार्टिशन-फिल्टर-रिक्वायर्ड’ ही सेटिंग चालू केली की बिनफिल्टरची क्वेरी अडतेच. सुरुवातीला लोक ओरडतील.

कॅश हा पुढचा उपाय, पण जपून. मेटास्टोअरची उत्तरं किती वेळ साठवून वापरायची हे ठरवणारं ‘हाइव्ह.मेटास्टोअर-कॅश-टीटीएल’ मुळात ० सेकंद, म्हणजे बंद असतं. ते तासभर ठेवलं आणि स्पार्कने (डेटा भरणाऱ्या दुसऱ्या इंजिनाने) नवं पार्टिशन जोडलं, तर ट्रिनोला ते दिसत नाही. ‘आजचा डेटा कुठे गेला?’ हा फोन ठरलेला. लोडिंग जॉबच्या शेवटी ‘फ्लश_मेटाडेटा_कॅश’ प्रोसीजर चालवा. फायलींच्या यादीची कॅश वेगळी आहे, ती फक्त न बदलणाऱ्या टेबलांना लावा. फाइल पुसली गेली आणि नाव कॅशमध्ये उरलं की क्वेरी फाइल सापडत नाही म्हणून पडते.

आइसबर्ग या टेबल फॉरमॅटला फोल्डरच्या याद्या लागत नाहीत, मात्र दर मिनिटाला कमिट करणारा जॉब मॅनिफेस्ट (फायलींची नोंद ठेवणाऱ्या याद्या) फुगवतो. लहान फायली एकत्र करणारं ‘ऑप्टिमाइझ’ आणि टेबलाच्या जुन्या आवृत्त्या काढणारं ‘एक्स्पायर_स्नॅपशॉट्स’ नियमित चालवा.

सगळं करूनही मेटास्टोअर दमत असेल तर बीआय (डॅशबोर्ड-अहवाल बनवणाऱ्या) साधनाकडे वळा. ही साधनं जेडीबीसीतून (डेटाबेसला जोडण्याच्या प्रमाणित मार्गाने) स्तंभांची यादी मागतात, आणि जेडीबीसीत स्कीमाच्या (टेबलांच्या गटाच्या) नावातला अंडरस्कोअर म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. साधनाने तो एस्केप केला नाही तर ‘सेल्स_डेटा’ हे नाव न राहता नमुना ठरतं आणि एका स्कीमासाठी सगळा कॅटलॉग (सगळ्या स्कीमांचा संच) चाळला जातो. अंडरस्कोअर अक्षरशः घेण्याची सेटिंग ट्रिनोच्या ड्रायव्हरमध्ये आहे. ती जोडणीच्या यूआरएलमध्ये घाला.