ठरवलेलं काम ऐन वेळी कसं आठवावं

विसरायला होतं म्हटलं की लोक बदाम खायला सांगतात. खा, पण इस्त्रीचे कपडे आणायचे राहतात त्याला बदाम काय करणार? घरी पोचल्यावर ते लख्ख आठवतातच. आठवायला हवे होते दुकानासमोर.

काम एका वाक्यात लिहा. एका वेळी एकच.

आता खूण निवडा, म्हणजे जे समोर आलं की काम आठवेल असं काहीतरी. इथे मी वर्षभर गोंधळ घातला. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, म्हणून ‘सकाळी घेईन’ असं ठरवायचे. सकाळ ही खूण नव्हे. नुसत्या वेळेच्या भरवशावर सोडलेलं काम मेंदूला आपणहून उकरून काढावं लागतं. आइनस्टाइन (आल्बर्ट नव्हे) आणि मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवलं, की समोर येणाऱ्या खुणेवर काम आठवण्यात वयस्क माणसं तरुणांच्या मागे नव्हती. लंडनचे मेंदू-अभ्यासक पॉल बर्जेस यांच्या प्रयोगांत लोक एक हेतू मनात धरून दुसरंच काम करत होते. तेव्हा कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या टोकाला, बाहेरच्या बाजूचा रक्तप्रवाह वाढला आणि मधल्या भागाचा घटला. हेतू नुसता धरून ठेवणं हेसुद्धा मेंदूला कामच आहे. त्यातलं जमेल तेवढं खुणेवर टाका.

मग मी ‘चहाचं आधण ठेवलं की गोळी’ असं ठरवलं. आठवायची रोज, पण उशिरा! गोळीनंतर निदान अर्धा तास चहा नको, आणि इथे चहा उकळतोय. खूण कामाच्या आधी, आणि काम करायच्या जागीच हवी. आता ‘ब्रश पेल्यात ठेवला की गोळी’, आणि गोळ्या त्या पेल्याशेजारी. असं ‘अमुक झालं की तमुक’ वाक्य मोठ्याने म्हणा; मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांनी १९९९ साली याच जोडणीवर लिहिलंय.

फ्रिजवरची चिठ्ठी चार दिवसांत दिसेनाशी होते. गजर तर मी ओल्या हाताने बंद करून विसरलेय. पदराची गाठही नको, गाठ दिसते आणि कशाची ते आठवत नाही.

काम झालं की खूण मोडा, नाहीतर गोळी दोनदा जाते. मी गोळी घेतली की गोळ्यांचं पाकीट उलटं ठेवते, रात्री झोपताना सुलटं.