गेम जॅमला निघताय? आधी गाडी कुठे लावणार ते ठरवा

पुण्यात गेम डेव्हलपमेंटच्या मीटअपला किंवा गेम जॅमला (दिलेल्या विषयावर, ठरलेल्या वेळेत टीमने गेम बनवायचा कार्यक्रम) पहिल्यांदा येणारी मुलं तयारी पुष्कळ करून येतात. गेम बनवायला युनिटी वापरायचं की गोडो, टीम कशी मिळेल, फोनवर काय दाखवायचं, सगळं ठरलेलं असतं. जायचं कसं हे मात्र शनिवारी सकाळी साडेनऊला मॅप उघडून बघतात. दहाच्या कार्यक्रमाला मग पावणेअकराला पोचतात. तोवर विषय जाहीर झालेला असतो आणि टीम जुळलेल्या असतात. ज्या आर्टिस्टला प्रोग्रॅमर हवा होता, त्याला तो मिळालेला असतो.

शेवटीही हेच होतं. डेमो संपल्यावर खाली टपरीवर जो तासभर चहा चालतो, त्यात कुठल्या स्टुडिओला इंटर्न हवाय, कुणाला क्यूएसाठी (गेममधल्या चुका शोधायला) माणसं हवीत, हे कळतं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, सुपरगेमिंगसारखी इथलीच कंपनी आहे आणि लहान टीम तर बऱ्याच आहेत. अशा ठिकाणची माणसं चहाला थांबतात. ज्याची गाडी नो-पार्किंगमध्ये असते, तो मात्र तेव्हाच पळत सुटतो.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे घरापासून किती किलोमीटर हे बघू नका. कार्यक्रम किती तासांचा आहे आणि तुम्ही सोबत काय नेणार आहात, यावर सगळं ठरतं. तीन तासांची संध्याकाळची मीटअप असेल तर पाठीवर लॅपटॉप घेऊन मेट्रो किंवा बसने जा. दिवसभराचं प्लेटेस्टिंग (आपला गेम इतरांना खेळायला देऊन तपासणं) असेल तर लॅपटॉपबरोबर दोन फोन, चार्जर, कंट्रोलर आणि एक्स्टेंशन बोर्ड येतो. एवढं दुचाकीवर जमतं, पण गाडी आठ-नऊ तास एका जागी उभी राहणार आहे. जॅम असेल तर हिशेब पूर्ण वेगळा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत होतो आणि अशा जॅमला साधारण ४८ तास मिळतात. म्हणजे गाडी दोन रात्री बाहेर, आणि रविवारी परत नेणारा माणूस झोप न झालेला.

वेळ उलटी मोजायची. समजा रविवारी पाच वाजता गेम अपलोड करायचा आहे. शेवटच्या अर्ध्या तासात सगळेच एकदम अपलोड करतात आणि हॉलचं वायफाय रांगायला लागतं. त्यानंतर डेमो दीड तास, चहा, आवराआवर. आठच्या आधी मोकळे होत नाही. मुंबईची मुलं नेमकी इथे चुकतात. सकाळी इंद्रायणी एक्सप्रेस सोयीची पडते. सीएसएमटीहून ती पावणेसहाच्या सुमारास सुटते आणि नऊच्या आसपास पुण्यात येते. म्हणून परतीलाही तीच काढतात. ती पुण्याहून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास निघते. बालेवाडीत पाच वाजता गेम अपलोड करून ती गाडी मिळत नाही. परतीसाठी स्वारगेट किंवा पुणे स्टेशनहून रात्रीची शिवनेरी धरा, नाहीतर सरळ सोमवारी सकाळची डेक्कन क्वीन. ती पुण्याहून सव्वासातला सुटते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात.

नाशिक किंवा मराठवाड्याकडून एसटीने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिकिटावर शिवाजीनगर लिहिलेलं असलं तरी तो स्टँड काही वर्षांपूर्वी वाकडेवाडीला हलवलाय. शिवाजीनगर मेट्रो स्थानक तिथून लगेच समोर नाही, सामान घेऊन चालत जायचा विचार करू नका. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडच्या गाड्या स्वारगेटला येतात आणि तिथे मेट्रो हाताशी आहे.

मेट्रोच्या दोन मार्गिका पाठ करून ठेवा, म्हणजे ठिकाण कळलं की लगेच अंदाज येतो. पर्पल लाईन पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, ॲक्वा लाईन वनाज ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर भेटतात, ज्याला सगळे सिव्हिल कोर्ट म्हणतात. तिथे पर्पल लाईन जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि ॲक्वा वर पुलावर. सामान असेल तर सरकत्या जिन्यांच्या मागे न लागता लिफ्ट शोधा आणि बदलायला दहा मिनिटं धरा. पुणे स्टेशनहून निघालं की हे दुसऱ्या क्रमांकाचं स्थानक. शनिवार-रविवारी तिकिटावर ३० टक्के सवलत असते, त्यामुळे दोघांत मिळून रिक्षा करण्यापेक्षाही मेट्रो बरीच स्वस्त पडते.

कोथरूडला काही असेल तर आयडियल कॉलनी किंवा वनाज, कर्वे रस्त्याच्या बाजूला नळ स्टॉप, विमाननगरला रामवाडी. खराडीला जायचं असेल तर रामवाडीला उतरून पुढे रिक्षा किंवा बस, आणि या शेवटच्या तुकड्याला वीस मिनिटं वेगळी ठेवा. बाणेर-बालेवाडीला या दोनपैकी एकही मार्गिका जात नाही, त्यामुळे शिवाजीनगरला उतरून पीएमपी पकडावी लागते. ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं. तरी रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून एक बस चुकेल असं धरूनच निघा. रात्री उशिरा काही मार्गांवर रातराणी बस असते, पण तुमच्या रस्त्याला ती आहे का हे आधीच बघून ठेवा.

ठिकाणानुसार वारांचा हिशेबही उलटा होतो. हिंजवडी आणि खराडीचे आयटी पार्क सोमवार ते शुक्रवार डोकं फिरवतात, पण शनिवारी तिथे रस्ते मोकळे असतात. मात्र कँटीन बंद, शेअर रिक्षा नाही आणि जवळ चहाही नाही. बालेवाडी हाय स्ट्रीट, कोरेगाव पार्क, फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्ता यांचं बरोबर उलट. सकाळी दहाला निवांत जागा मिळते, संध्याकाळी सहानंतर एक स्कूटरही शिरत नाही. फर्ग्युसन आणि जंगली महाराज दोन्ही एकेरी आहेत, तेव्हा बिल्डिंग मागे गेली तर पुन्हा पूर्ण वळसा. बाणेर-बालेवाडीत पिन महामार्गाच्या कुठल्या बाजूला आहे ते मोठं करून बघा. चुकीच्या सर्व्हिस रोडला लागलात की पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन परत यावं लागतं, आणि आयोजकांना फोन करून ‘समोर दिसतंय पण येता येत नाही’ असं सांगावं लागतं.

आता गाडी लावण्याचं. पुण्यात बऱ्याच रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ चे बोर्ड आहेत. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. एका संध्याकाळच्या मीटअपला यात काही अडचण नाही. जॅमला मात्र शनिवारी १७ तारखेला पी-१ ला अगदी नियमाने लावलेली गाडी रविवारी १८ ला आपोआप चुकीच्या बाजूला होते, आणि सकाळी टोइंगचा टेम्पो येतो तेव्हा तुम्ही गेममधला कोलायडर (धडक ओळखणारा भाग) दुरुस्त करत असता. (शनिवार ३१ आणि रविवार १ असेल तरच एक बाजू दोन्ही दिवस चालते. वर्षातून असं क्वचित जुळतं.) रात्री बारा वाजले की खाली जाऊन गाडी दुसऱ्या बाजूला लावायचा गजर लावा, किंवा मुळातच रस्त्यावर लावू नका.

मॉलचं पार्किंग दिवसा ठीक, पण तासावर पैसे मोजतं आणि रात्री मॉल बंद झाला की बेसमेंटही बंद. सोसायटीच्या गेटसमोर लावायचा मोह झाला तर भिंतीवरची पाटी वाचा. ‘हवा सोडण्यात येईल’ असं लिहिलं असेल तर ती पुणेरी विनोदाची पाटी समजू नका, खरंच सोडतात. पेठांमध्ये मुक्काम असेल तर नारायण पेठेतलं हमालवाडा किंवा मंडईजवळचं बाबू गेनू अशी महापालिकेची वाहनतळं बोळात जागा शोधण्यापेक्षा परवडतात. मेट्रोच्या काही स्थानकांपाशी पैसे देऊन गाडी लावता येते, पण सगळ्या नाही, आणि रात्रभर ठेवू देतात का हे तिथे विचारल्याशिवाय लावू नका.

डेक्कनजवळ नदीपात्रात फुकट जागा दिसते. पावसाळ्यात तिथे लावू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि पात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. पुण्यात पाऊस थांबलेला असला तरी धरणाच्या वर पडत असतो, म्हणून आकाश बघून अंदाज बांधणाऱ्यांच्या गाड्या बुडतात.

गाडी उचलली गेलीच तर घाबरून ‘चोरीला गेली’ म्हणू नका. जवळच्या चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारा, हा रस्ता कुठल्या वाहतूक विभागात येतो. गाडी त्याच विभागाच्या आवारात असते. दंड वेगळा आणि उचलण्याचे पैसे वेगळे. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं चालतं. चारचाकी बहुधा उचलत नाहीत, जॅमर लावतात आणि काचेवर फोन नंबर असतो.

आयटी पार्कमध्ये कार्यक्रम असेल तर पार्किंगपेक्षा गेटवर जास्त वेळ जातो. शनिवारी मुख्य गेट बंद असतं, मागचं एक उघडं. तिथे ओळखपत्र दाखवावं लागतं आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहावा लागतो. तो लॅपटॉपच्या तळाला बारीक अक्षरात असतो. आधीच फोटो काढून ठेवा. डेस्कटॉप, मॉनिटर किंवा व्हीआर हेडसेट नेत असाल तर आत नेताना नोंद नक्की करून घ्या. नोंद नसलेली वस्तू बाहेर काढायला गेट पास लागतो, आणि रविवारी रात्री त्यावर सही करणारा माणूस घरी असतो.

डेस्कटॉप न्यायचाच असेल तर दुचाकीवर नाही. स्कूटरच्या पायात टॉवर ठेवून नेणारे दिसतात, पण पुण्यातल्या स्पीडब्रेकरवर जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये हलतं, आणि ठिकाणावर पोचल्यावर स्क्रीन काळी. कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं न्या. काढता येत नसेल तर रिक्षात किंवा गाडीत टॉवर असा आडवा ठेवा की मदरबोर्ड खालच्या बाजूला येईल. मग कार्ड सरळ उभं राहतं आणि त्याचं वजन स्लॉट वाकवत नाही. मॉनिटर आडवा ठेवू नका. उभा, स्क्रीन सीटच्या पाठीकडे, मध्ये चादर. रिक्षा ॲपवर बोलावली तरी बसण्याआधी विचारून घ्या, मीटरने की ॲपच्या आकड्याने. सामान भरल्यावर हा वाद घालायला जागा राहत नाही. केबल किंवा ॲडॅप्टर विसरलात तर ‘तपकीर गल्लीतून आणू’ म्हणू नका, रविवारी तिथल्या दुकानांच्या भरवशावर राहता येत नाही.

लॅपटॉपही स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये खाली इंजिन आणि वरून ऊन, डिकी तापते आणि बॅटरीला ते मानवत नाही. पॉवर बँकेचंही तेच. पावसाळ्यात सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी आत शिरतं. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. जानेवारीच्या जॅमला पहाटे घरी जाणार असाल तर जॅकेट हवंच. हॉलचा एसीही कुणी कमी करत नाही.

भाद्रपदात गणपतीच्या दहा दिवसांत शनिवारची मीटअप पेठांच्या जवळ असेल तर गाडी विसरा. संध्याकाळी रस्ते बंद होतात. मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडईपर्यंत जा आणि गर्दीत सॅक पुढे घ्या.

आयोजनात मदत करणार असाल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी करावीच कारण सगळे ओळखायला लागतात, तर नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घाला: दुचाकी, चारचाकी की सार्वजनिक वाहन? एका चारचाकीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. त्यात कागदावर सहा दुचाकी बसतात, प्रत्यक्षात पाच, कारण मधली कुणाला तरी आधी काढायची असते. ६० जणांत ३५ दुचाकी आणि ८ चारचाकी आल्या तर दुचाकींना ७ जागा आणि चारचाकींना ८, म्हणजे १५ चारचाकींएवढी जागा लागणार. बेसमेंटमध्ये १० च असतील तर चारचाकीवाल्यांना शुक्रवारी दुपारीच कळवा. शनिवारी गेटवर कळवलं तर ते वॉचमनकाकांशी भांडतात आणि काका पुढच्या वेळी सगळ्यांनाच आत सोडत नाहीत. काकांना गाड्यांच्या नंबरांची छापील यादी द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी शिफ्ट बदलली की गायब होते.

४८ तासांच्या जॅमला मात्र आमचं मत ठाम आहे. दुचाकी घरी ठेवा. दोन रात्री जागून रविवारी रात्री स्वतः गाडी चालवत सिंहगड रस्ता किंवा निगडी गाठायची नाही. जाताना मेट्रो किंवा बस, येताना एकाच बाजूला राहणाऱ्या तिघांनी मिळून कॅब. ती तिघं कोण, हे शुक्रवारी संध्याकाळीच विचारून ठेवा. रविवारी आठला प्रत्येकाचा फोन दोन टक्क्यांवर असतो.